कॅमेऱ्याला स्वस्तातला बाहेरचा माइक: कोकण किनाऱ्यावर शूटिंग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होमस्टेचे व्हिडिओ करणारे, आंब्याच्या बागेतून चॅनल चालवणारे, गावच्या शिमग्याचं नाहीतर दशावताराचं शूटिंग करणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. चित्र हल्ली साध्या कॅमेऱ्यातही छान येतं, मार खातो तो आवाज. आणि आपल्याकडे जे टिपायचं आहे त्यातलं निम्मं तर आवाजातच आहे: मालवणी बोली, गाऱ्हाणं (गावाच्या वतीने देवाला घातलेलं साकडं), बंदरावरचा लिलाव. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. हजार-दोन हजारांत येणाऱ्या माइकचाच विचार मुख्यतः केला आहे.

कॅमेऱ्यात माइक असतोच की. मग वेगळा कशाला?

कॅमेऱ्यातला माइक वाईट असतो असं नाही, तो लांब असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की बोलण्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. माणूस माइकपासून एक फुटावर असेल आणि तोच आठ फुटांवर गेला, तर तीनदा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबल गेले. समुद्राची गाज मात्र दोन्ही ठिकाणी तेवढीच राहते. किनाऱ्यावरच्या व्हिडिओत बोलणं गाजेत बुडतं ते यामुळे.

त्यात लेन्सच्या फोकसची करकर, कॅमेऱ्यावर बोटं घासल्याचा आवाज आणि आतल्या माइकच्या उघड्या भोकांवर बसणारा वारा, हे सगळं वर. शंभर रुपये खर्च करायचे असोत की दहा हजार, पहिला विचार एकच करा: माइक तोंडाजवळ कसा नेता येईल?

माझ्या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडता येतो का?

बाजूचं रबरी झाकण उघडून बघा. माइकचं चित्र असलेलं ३.५ एमएमचं सॉकेट हवं. कॅनन २०० डी मार्क टू, कॅनन एम५०, निकॉन डी५६००, सोनी झेडव्ही-ई१० यांना ते आहे. कॅनन १५०० डी आणि निकॉन डी३५०० हे आपल्याकडे खूप खपलेले कॅमेरे, पण त्यांना नाही. काही कॅमेऱ्यांना २.५ एमएमचं लहान सॉकेट असतं, ते सहसा रिमोटचं. त्यात माइकची पिन जबरदस्तीने घालू नका. सॉकेट नसलं तरी कॅमेरा बदलायची गरज नाही. आवाज फोनवर वेगळा घेऊन नंतर जोडता येतो, ते पुढे सांगितलं आहे.

एकच माइक घ्यायचा तर कुठला?

वायरचा कॉलर माइक, म्हणजे कपड्याला चिमट्याने लावायचा छोटा माइक. बोया बीवाय-एम१ सारखा माइक साधारण हजाराच्या आसपास मिळतो, त्याची वायर सहा मीटर म्हणजे जवळजवळ वीस फूट असते आणि तो कॅमेरा व फोन दोन्हीला चालतो. आजीची पाककृती, बागायतदाराची मुलाखत, होमस्टेच्या मालकांचं दोन मिनिटांचं बोलणं, एवढं सगळं या एका माइकवर निघतं.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा छोटा शॉटगन माइक दिसायला रुबाबदार असतो, पण तो कॅमेऱ्यावरच राहिला तर अंतराचा प्रश्न तसाच राहतो. समोरचं थोडं जास्त आणि बाजूचं थोडं कमी ऐकतो, एवढाच फायदा. फिरत फिरत, कॅमेरा स्वतःकडे वळवून बोलणाऱ्यांना तो खरा उपयोगी, कारण तिथे माइक हातभरच लांब असतो. रोडचा व्हिडिओमायक्रो या प्रकारातला चांगला. त्याला बॅटरी लागत नाही, कॅमेराच पिनेतून वीज देतो. पण किमतीने तो कॉलर माइकच्या कितीतरी पुढे आहे.

माइक लावला तरी आवाज येत नाही. माइक बिघडला का?

बहुतेक वेळा पिनेचा घोळ असतो. पिनेवरच्या काळ्या कड्या मोजा. दोन कड्या असतील तर ती टीआरएस, कॅमेऱ्याची. तीन असतील तर ती टीआरआरएस, फोनची. कॅमेऱ्याचा माइक थेट फोनला लावला की फोन त्याला माइक म्हणून ओळखतच नाही आणि स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. मध्ये टीआरएस-टू-टीआरआरएस कन्व्हर्टर लागतो. रेकॉर्डिंग चालू करून माइकवर नखाने हलकेच टिचकी मारा आणि ऐका. ‘टक्’ जोरात आलं तर तो माइक चालू आहे.

बीवाय-एम१ ला वायरवर एक डबी असते, तिच्यावर फोन आणि कॅमेरा असं बटण असतं. कॅमेऱ्यावर ठेवलं की आतली एलआर४४ बटण-बॅटरी लागते. काम झालं की बटण परत फोनकडे सरकवून ठेवा. जादा बॅटरी पाकिटात असू द्या, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे ती सहसा मिळते.

फोनला गोल सॉकेट नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो घेताना दुकानातच माइक लावून तपासा. नुसती गाणी ऐकण्यापुरते असलेले कन्व्हर्टर माइकचा आवाज आत घेत नाहीत.

आवाज एकाच कानात येतोय.

एकेरी माइकच्या काही पिना फक्त डाव्या चॅनलला जोडल्या जातात. एडिटिंगमध्ये क्लिप मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) करा नाहीतर डावा चॅनल उजवीकडेही भरा. आवाजाचं काही नुकसान होत नाही.

किनाऱ्यावर वाऱ्याचा नुसता घोंगाट येतो. काय करावं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आपल्याला जो ‘भडभड’ आवाज ऐकू येतो तो लांबून आलेला नसतो. वारा माइकच्या जाळीवर आपटून तिथे भोवरे करतो आणि आतला पातळ पडदा त्याने हादरतो. म्हणून वारा जाळीपर्यंत पोचण्याआधीच मोडायला हवा.

माइकसोबत येणारा काळा स्पंज घरात पुरतो. तारकर्लीच्या किंवा गुहागरच्या वाळूत उभं राहिलात की तो कमी पडतो, तिथे केसाळ फरचं टोपरं लागतं. लांब केसांत वाऱ्याचा जोर विरतो आणि बोलणं आरपार जातं. कॉलर माइकची छोटी टोपरी फार स्वस्त मिळतात. हरवतात पण पटकन, तेव्हा दोन-तीन घेऊन ठेवा आणि माइकला दोऱ्याने अडकवा. घरी शिवायचं तर लांब केसांचं फरचं कापड घ्या, पण पाठीमागचं विणकाम विरळ असलेलं. तोंडाजवळ धरून फुंकर मारून बघा. हवा अजिबात जात नसेल तर आवाजही दबका येणार.

दुसरा उपाय फुकटचा, वेळ साधण्याचा. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे इथे कामाला येतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. सकाळ सरता सरता तो सुरू होतो आणि दुपारी ऐन जोरात असतो. रात्री उलटं, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, ते सहसा मंद. या दोघांच्या अदलाबदलीत, सूर्योदयानंतरचा तास-दीड तास हवा बरीच पडलेली असते. उन्हाळ्या-हिवाळ्यातली मुलाखत त्या वेळेला लावा. उजेडही तेव्हाच मऊ असतो. पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारा दिवसभर चालतो, तिथे हे गणित चालत नाही.

तिसरं, जागा. सुरूच्या बनात सावली छान असते, पण सुरूची पानं साध्या झुळकेलाही सतत सुसाट वाजतात आणि तो आवाज कुठल्याही टोपऱ्याने थांबत नाही, कारण तो खराखुरा आवाज आहे. त्यापेक्षा जांभ्याच्या गडग्याच्या आडोशाला, होडीच्या आड नाहीतर घराच्या पडवीत माणूस बसवा. उघड्यावरच बोलायचं असेल तर बोलणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे असू द्या, अंगाचाच माइकला आपोआप आडोसा होतो. समुद्र मागे दिसावा म्हणून माणसाला समुद्राकडे पाठ करून उभं केलंत तर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात हे दोन्ही एकदम साधतं.

कॅमेऱ्यात ‘विंड कट’ किंवा ‘लो कट’ असेल तर चालू करा. खालच्या पट्टीची घरघर त्याने कमी होते. टोपऱ्याची जागा मात्र तो घेत नाही.

कॉलर माइक नेमका कुठे लावायचा?

हनुवटीच्या एक वीत खाली, छातीच्या मध्यावर. शर्टाच्या दोन बटणांच्या मधली पट्टी उत्तम. टी-शर्ट असेल तर गळ्याची कड दुमडून चिमटा लावा.

साडीला जरा निगुतीने करावं लागतं. पदराला माइक लावू नका. पदर सतत सरकतो, आणि आजी घावन घालायला वाकल्या की माइक पदरासकट बिड्याच्या तव्याकडे झुकतो. ब्लाउजच्या गळ्याच्या कडेला चिमटा लावा. ते काम घरातल्या सुनेला नाहीतर नातीला करू द्या, आजींनाही मोकळं वाटतं. मंगळसूत्र माइकवर आपटत असेल तर तेवढ्यापुरतं आत सरकवायला सांगा. माइकखाली वायरचा एक लहान वेढा करून तो औषधाच्या दुकानातल्या कागदी चिकटपट्टीने कापडाला चिकटवा. वायर ओढली गेली तर ओढ वेढ्यावर बसते, माइकपर्यंत जात नाही. उरलेली वायर कमरेला खोचून पाठीमागून काढा. चुलीजवळ वायर जमिनीवर लोळू देऊ नका, पाय अडकतो.

काकणांचा आवाज येऊ दे. खोबरं किसताना, तांदूळ धुताना काकणं वाजणारच, आणि ते ऐकायला बरंच वाटतं. त्रास होतो तो फक्त माइकवर काही घासण्याचा.

आवाजाची पातळी किती ठेवायची?

ऑटो बंद करा. ऑटोवर कॅमेरा काय करतो, तर माणूस बोलायचा थांबला की शांतता भरून काढायला पातळी वर ओढतो. मग प्रत्येक वाक्यानंतर समुद्र फुगून पुढे येतो आणि बोलणं सुरू झालं की मागे जातो. ऐकणारा दोन मिनिटांत कंटाळतो.

मॅन्युअल करून, माणसाला नेहमीच्या आवाजात बोलायला लावून, मीटरवरचे उंच ठोके उणे १२ डेसिबलच्या आसपास येतील असं ठेवा. हसला, ओरडला तर उणे ६ पर्यंत जाईल, तेवढी जागा हवी. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. माइकवर स्वतःचं आवाज वाढवायचं बटण असेल तर माइक वाढवा आणि कॅमेऱ्याची पातळी खाली ठेवा. साध्या कॅमेऱ्यांच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर वर चढवला की ‘स्स्स’ असा आवाज करतो.

२०० डी मार्क टू सारख्या कॅमेऱ्यांना हेडफोनचं सॉकेट नसतं. तिथे अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, कार्ड फोनवर किंवा लॅपटॉपवर लावून इयरफोनने ऐका, मगच मुलाखत सुरू करा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्पीकरवर घरघर ऐकूच येत नाही.

गाऱ्हाणं आणि पालखी कशी रेकॉर्ड करायची?

गाऱ्हाणं घालणारा मानकरी एकटा बोलतो, बऱ्याचदा हळू आणि भराभर. मग सगळा गाव एकदम ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. या दोहोंच्या पातळीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मानकऱ्याच्या आवाजावर पातळी लावलीत तर पहिल्याच ‘व्हय म्हाराजा’ला आवाज फाटणार. म्हणून पातळी गावाच्या आवाजावर लावा आणि मानकऱ्याजवळ माइक न्या. त्यांची परवानगी असेल तर सदऱ्याला कॉलर माइक लावून वायर फोनला जोडा आणि फोन त्यांच्याच खिशात ठेवा. गाऱ्हाण्यात गावातल्या ठिकाणांची, देवतांची नावं ओळीने येतात. ती स्पष्ट ऐकू येणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढे कुणाला ती पाठ करायची असतील तर हेच रेकॉर्डिंग हाती असेल.

ढोल-ताशांसमोर स्वस्त कॉलर माइक सरळ हार मानतो. तिथे पातळी कितीही खाली नेली तरी आवाज माइकच्या आतच फाटतो. सहाणेपासून (पालखी बसते त्या चौथऱ्यापासून) पंधरा-वीस पावलं मागे जा, शक्यतो ढोलाच्या तोंडासमोरून बाजूला व्हा.

दशावताराचं रात्रभराचं शूटिंग आहे. कॅमेरा मागे ठेवावा लागतो.

कॅमेरा मागे राहू दे, आवाज पुढे ठेवा. रंगमंचाच्या कडेला फोन किंवा छोटा रेकॉर्डर, पेटी आणि पखवाजाच्या अगदी तोंडाशी नको, नाहीतर संवाद दबतील. वादक ज्या बाजूला बसतात त्याच्या विरुद्ध कोपरा बरा. मंडळाच्या मालकांना आधी विचारा, हे तर झालंच.

मंडळाचा साउंड असेल आणि साउंडवाले मिक्सरमधून वायर द्यायला तयार असतील तर एक काळजी घ्या. मिक्सरमधून येणारा लाइनचा सिग्नल माइकपेक्षा कितीतरी जोरदार असतो. तो थेट कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटमध्ये दिला तर रात्रभराचं सगळं फाटलेलं मिळेल. पॅड (सिग्नलचा जोर कमी करणारी जोडणी) असलेली केबल किंवा लाइन-इन असलेला रेकॉर्डर हवा. नसेल तर मिक्सरचा नाद सोडा आणि स्वतःचा माइक ठेवा.

फोन विमान मोडवर टाका, स्टोरेज मोकळं करा, पॉवर बँक लावा. लाईट गेली तरी तुमचं रेकॉर्डिंग चालू राहिलं पाहिजे.

वेगळा घेतलेला आवाज चित्राशी कसा जुळवायचा?

दोन्ही रेकॉर्डिंग चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. चित्रात हात जुळतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखात उठणारा सुळका एकावर एक ठेवा. टाळी माइकजवळ वाजवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे वीस मीटर मागे उभं राहून टाळी वाजवलीत तर दीड फ्रेमचा फरक तिथेच पडला.

कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद करू नका, तो आवाज जुळवायला लागतो. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही दोन आवाजांचे आलेख ओळखून आपोआप जुळवण्याची सोय आहे. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, व्हिडिओचा आवाज तोच असतो. बरेच जुने कॅमेरे अर्ध्या तासाच्या थोडं आधी आपोआप थांबतात, तेव्हा प्रत्येक नव्या क्लिपला नवी टाळी. सलग तास-दोन तास झाले की दोन यंत्रांची घड्याळं थोडी थोडी सरकतात. ओठ आणि शब्द चुकू लागले तर प्रवेशांच्या मधल्या जागी आवाज कापून पुन्हा बसवा.

स्वस्त वायरलेस माइक घेऊ का?

होडीत, बागेत, चालता-बोलता काम असेल तर घ्या. यातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि या लहरींना पाणी शोषून घेतं. माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच. बोलणारा कॅमेऱ्याकडे पाठ करून चालू लागला की खोक्यावर लिहिलेलं अंतर विसरा. जत्रेच्या गर्दीतही तेच. सिग्नल कधी तुटला ते शूटिंग चालू असताना कळत नाही, म्हणून हेडफोनशिवाय वायरलेस वापरू नका. ट्रान्समीटरमध्येच (बोलणाऱ्याला लावलेल्या डबीतच) रेकॉर्डिंगची सोय असेल तर तो चार पैसे जास्त देऊन घेण्यासारखा.

‘नॉइज कॅन्सल’चं बटण बंद ठेवा. गाज कापता कापता ते शब्दांची टोकंही कापतं.

ब्लूटूथ इयरफोनचा माइक चालेल?

नाही. माइक चालू झाला की तो फोनकॉलच्या दर्जावर उतरतो आणि व्हिडिओतला माणूस कॉलवर बोलल्यासारखा वाटतो.

बंदरावर मासळीच्या लिलावात बोलणं कसं टिपायचं?

हर्णैच्या लिलावाला उभं राहिलात तर चारी बाजूंनी बोली चालू असते, शिवाय होड्यांची इंजिनं. तिथे दोन वेगळी कामं करा. मुलाखत लिलावाच्या गराड्यातून बाहेर येऊन, कॉलर माइकवर. लिलावाचा माहोल वेगळा, दोन-तीन मिनिटं कॅमेरा न हलवता. एडिटिंगमध्ये मुलाखतीखाली माहोल हलका सोडला की प्रेक्षक बंदरावर पोचतो. बोली लावणाऱ्या कोळणीच्या मध्ये माइक खुपसू नका, तिचा धंद्याचा वेळ आहे तो. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा शूटिंगचा बेत त्याप्रमाणे आखा.

घरात आवाज घुमतो.

उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. खोलीत गोधड्या, चादरी, गाद्या आणा. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला दोरीवर दोन गोधड्या टाकल्या तरी फरक पडतो. पंखा बंद, फ्रिज बंद (फ्रिजमध्ये बाइकची किल्ली ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायचं लक्षात राहतं). पत्र्यावर पाऊस पडत असेल तर मुलाखत थांबवा. त्याला उपाय नाही. कौलावरचा हलका पाऊस चालतो.

एडिटिंगमध्ये नंतर साफ करता येईल ना?

पंख्याची एकसारखी घरघर, माइकची ‘स्स्स’, हे ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बरंचसं जातं. त्यासाठी कुणी न बोलता अर्धा मिनिट त्या जागेचा आवाज रेकॉर्ड करून आणा, सॉफ्टवेअरला नमुना लागतो. वाऱ्याने फाटलेला शब्द, एकाच वेळी बोललेली दोन माणसं, रातकिड्यांची किरकिर यांचं फारसं काही होत नाही.

खारी हवा आणि पावसाळा, माइक टिकतो का?

काळजी घेतली तर टिकतो. किनाऱ्यावरून आल्यावर पिन आणि वायर कोरड्या सुती कापडाने पुसा. पिनेवर हिरवट थर दिसला की समजा खरखर सुरू होणार. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पिन पुसा, पूर्ण वाळल्यावरच लावा. टोपरं दमट असताना माइकवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत माइक ठेवा. रंग बदलणाऱ्या पुड्या घेतल्यात तर त्या कधी बदलायच्या ते दिसतं. थंड एसी खोलीतून थेट दमट अंगणात आणलं तर माइकच्या पडद्यावर दव धरतं, पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या. महिनोन्‌महिने वापर नसेल तर एलआर४४ काढून ठेवा, ती गळली की डबी गेली.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, ओव्या जपायच्या आहेत. व्हिडिओ करायचाच नाही. तरी हा माइक चालेल?

अगदी चालेल, आणि वाट बघू नका. कॉलर माइक फोनला लावा, रेकॉर्डिंग ॲपमध्ये वेव्ह (WAV) फॉरमॅट निवडा. सुरुवातीला तुमच्याच तोंडून तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव सांगा, फाइलचं नाव बदललं तरी ते आत राहतं. प्रश्न मालवणीतच विचारा, उत्तर आपसूक मालवणीत येतं. ओवी सांगणाऱ्या आजी मध्येच थांबल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, पुढची ओवी बऱ्याचदा त्या थांबण्यानंतर आठवते. त्याच संध्याकाळी फाइल व्हॉट्सॲपने न पाठवता केबलने लॅपटॉपवर घ्या, आणि एक प्रत मुंबईतल्या भावंडांकडे पेन ड्राइव्हवर द्या.